जिनिव्हाचा शब्द, गिरणगावाचे तास

चारकोपचे नऊ सेक्टर कुणा एका बिल्डरने उभे केलेले नाहीत. १९८५ साली जागतिक बँकेने मुंबई नागरी विकास प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले आणि म्हाडाने खाडीकडच्या या जमिनीवर लहान लहान भूखंड पाडले. रस्ता, पाणी, गटार, वीज यांची सोय आधी करून द्यायची आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना होती. मधोमध मोकळा चौक आणि भोवती तीस-पस्तीस घरांची सोसायटी हा नकाशा सेक्टरमधून फिरताना आजही ओळखू येतो. बैठ्या घरावर पोटमाळा चढला, पुढे पोटमाळ्याचा मजला झाला. लालबाग-परळच्या खोल्या सोडून आलेली कितीतरी गिरणी कामगार कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांना गाव विचारले तर माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर, पाटण अशी नावे निघतात.

या कुटुंबांशी जागतिक संस्थेचा संबंध मात्र १९८५ मध्ये पहिल्यांदा आला नाही. त्याआधी साठ-पासष्ट वर्षे तो गिरणीच्या भोंग्यातून आला होता. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी साचेखात्यात किती तास उभे राहायचे, हे ठरण्यात वॉशिंग्टन आणि जिनिव्हा इथे भरलेल्या परिषदांचा वाटा होता. याच कोकणातले तरणेताठे मुलगे पुढे दुसऱ्या महायुद्धात परक्या डोंगरांवर मेले, आणि ते युद्ध होऊ न देणे हे जिनिव्हाच्याच दुसऱ्या एका संस्थेचे, राष्ट्रसंघाचे, काम होते. दोन महायुद्धांमधल्या शांतता संस्थांनी काय साधले, हा प्रश्न बहुतेक पुस्तकांत युरोपच्या नकाशावर सोडवला जातो. तो रायगडातल्या एका तालुक्यातून आणि मुंबईच्या गिरणगावातून पाहिला, तर त्याचे उत्तर जास्त नीट लागते असे मला वाटते.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. भारताच्या वतीने त्यावर भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. तहाच्या पहिल्या भागात राष्ट्रसंघाची घटना होती. सदस्य देश, अधिराज्य वा वसाहत पूर्णपणे स्वयंशासित असावी, असे तिचे पहिले कलम सांगत होते. भारत स्वयंशासित नव्हता, तरी संस्थापक सदस्यांच्या यादीत त्याचे नाव आले, कारण दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक पहिल्या महायुद्धासाठी परदेशी गेले होते. भारताचे शिष्टमंडळ मात्र ब्रिटिश सरकार निवडी. १९२० च्या पहिल्या महासभेला सर विल्यम मेयर, नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी आणि सर अली इमाम गेले. शिष्टमंडळाचे नेतृत्व भारतीय माणसाकडे यायला १९२९ साल उजाडावे लागले.

ही जागा लोकांनी निवडलेल्या माणसाला मिळावी म्हणून सर्वांत आधी धडपडले ते लोकमान्य टिळक. १९१८ च्या डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस हाकेच्या अंतरावर, पण पासपोर्ट मिळाला नाही. मग ११ मार्च १९१९ रोजी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिले. स्वयंनिर्णयाचा हक्क भारतालाही लागू करा, ही त्यातली मागणी सर्वांना माहीत आहे. त्या पत्रातला दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र भारताला कुणाची भूमी नको आहे, त्याचा विस्तार आणि लोकसंख्या मोठी आहे, म्हणून आशियात राष्ट्रसंघाच्या वतीने शांतता राखण्याचे काम तो करू शकेल, असे टिळकांनी मांडले होते. मंडालेच्या तुरुंगातून सुटून जेमतेम पाच वर्षे झालेला माणूस जगाच्या शांततेची जबाबदारी आपल्या देशाने उचलावी असे म्हणत होता. टिळकांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनाही लिहिले होते. त्यांच्याकडून उत्तर आले की योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील.

राष्ट्रसंघ १० जानेवारी १९२० रोजी सुरू झाला. त्याला स्वतःचे सैन्य नव्हते. महत्त्वाच्या निर्णयाला एकमत लागे. सदस्यावर हल्ला झाला तर सोळाव्या कलमानुसार आर्थिक बहिष्कार घालता येई, पण तो किती कडक पाळायचा हे व्यवहारात ज्या त्या देशावर सोडलेले होते. लहान देशांच्या भांडणात ही व्यवस्था चालली. १९२१ मध्ये ऑलंड बेटांचा वाद मिटला. १९२५ मध्ये ग्रीसचे सैन्य बल्गेरियात घुसले, तेव्हा परिषदेने ते मागे घ्यायला लावले आणि नुकसानभरपाईही वसूल करून दिली. १९३५ च्या सार प्रांतातल्या सार्वमतासाठी ब्रिटन, इटली, स्वीडन आणि नेदरलँड्स यांची मिळून सुमारे ३,३०० जवानांची तुकडी पाठवली गेली. मतदान शांततेत पार पडले. नंतरच्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या ज्या शांतिसेनेत आपले जवान जात राहिले, तिचा पूर्वज हाच.

मोठा देश गुन्हेगार निघाला की काय होते, ते मांचुरियात दिसले. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट झाला आणि ते निमित्त करून जपानी सैन्याने मांचुरिया गिळायला सुरुवात केली. चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद लॉर्ड लिटन यांच्याकडे आले. हे सिमल्यात जन्मलेले आणि बंगालचे गव्हर्नर राहिलेले गृहस्थ. राष्ट्रसंघात भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्वही त्यांनी केले होते. अहवाल प्रसिद्ध व्हायला ऑक्टोबर १९३२ उजाडला. तोवर मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे राहून गेले होते. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी महासभेने ४२ विरुद्ध १ मतांनी अहवाल स्वीकारला. विरोधातले एक मत जपानचे. जपानचे प्रतिनिधी मात्सुओका सभागृहातून उठून गेले, आणि जपानला मागे रेटणारे एकही पाऊल कुणी उचलले नाही.

त्याची किंमत चीनने मोजली आणि सोलापूरच्या एका घरानेही मोजली. १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून काँग्रेसचे पाच डॉक्टरांचे पथक चीनला निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते चीनमध्येच वारले.

अबिसिनियाचे प्रकरण याहून वाईट. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा एरिट्रियातून अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, शिरल्या. या वेळी राष्ट्रसंघाने बहिष्कार घातला. १८ नोव्हेंबरपासून तो लागूही झाला. फक्त त्यातून तेल वगळले, कोळसा वगळला आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला ठेवला. ज्या रणगाड्यांना अडवायचे त्यांच्या टाकीत पेट्रोल पडू द्यायचे, असा तो बहिष्कार होता. डिसेंबरात ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देण्याची योजना आखल्याचे उघड झाले आणि उरलासुरला विश्वासही गेला. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. चार दिवसांनी काँग्रेसने देशभर अबिसिनिया दिन पाळला. ३० जूनला सम्राट हाइले सेलासी जिनिव्हाच्या व्यासपीठावर स्वतः उभे राहिले. जुलैमध्ये बहिष्कार उठवला गेला.

इथून पुढची गोष्ट मराठी वाचकाने नकाशा समोर ठेवून वाचावी. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्य दबा धरून बसले होते. त्या उघड्या, काट्याकुट्यांच्या कड्यांवर चढून जाणाऱ्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतली ही पोरे. २७ मार्चला केरेन पडले आणि ५ मे १९४१ रोजी, राजधानी गेली त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, हाइले सेलासी अदिस अबाबात परतले. जे काम १९३५ मध्ये तेलाची टाकी बंद करून करता आले असते, ते सहा वर्षांनी माणसे मारून आणि मरू देऊन करावे लागले.

हीच बटालियन पुढे इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि तिच्यावरचा सैनिक उडवला, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच गेले. वय २२ वर्षे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. गाव पळसगाव, तालुका माणगाव.

याच माणगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. मालाडच्या अलीकडचे लोकलचे स्टेशन ते नव्हे. ५ जून १८७९ रोजी तिथे नारायण मल्हार जोशी जन्मले. ते भारत सेवक समाजाचे सभासद होते. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावातल्या चाळींमध्ये रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. भाषणात आवाज चढवणारे ते नव्हते. आकडे आणि कायद्याची कलमे त्यांना पाठ असत. १९१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांना पाठवले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ही व्हर्सायच्या तहाचाच तेरावा भाग होती. सामाजिक न्यायाच्या पायावर उभी राहिली तरच शांतता टिकेल, हे तिच्या प्रस्तावनेचे पहिलेच विधान. म्हणजे तीही शांततेसाठीच जन्मली. तिची रचना मात्र राष्ट्रसंघाहून वेगळी होती. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. प्रत्येकाला वेगळे मत. ठराव दोन तृतीयांश मतांनी होई, त्यामुळे एकट्या देशाला तो अडवता येत नसे. संमत झालेला करार वर्षाच्या, फार तर दीड वर्षाच्या आत आपल्या विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन होते. मान्य केलेल्या कराराचे काय केले, याचा अहवाल दरवर्षी जिनिव्हाला पाठवावा लागे. करार पाळला नाही, तर कामगारांची संघटना थेट तक्रार नोंदवू शके.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा काय चालले होते? १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की साचा थांबतो हा जुना नियम संपला. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती, पण दिवसाच्या तासांना प्रौढ पुरुषासाठी कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्याने ती पहिल्यांदा आली, तीही बारा तासांची. दमट हवा, कापसाची धूळ आणि जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी यांत बारा तास उभे राहायचे. घरी पोचेपर्यंत मुले झोपलेली असत.

वॉशिंग्टनच्या परिषदेने जगासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. ब्रिटिश भारतासाठी वेगळे कलम घातले आणि ६० तास मान्य केले. हा भेदभाव होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. तरीही भारताने १९२१ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि १९२२ चा कारखाने कायदा झाला: आठवड्याला ६० तास, दिवसाला जास्तीत जास्त ११, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी. १९२३ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण द्यावे हा ठराव जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडला होता. त्यातून १९२६ चा कायदा झाला. १९३४ मध्ये तास ५४ वर आले.

या सगळ्याचे श्रेय एकट्या जिनिव्हाला देणे कामगारांवर अन्याय करणारे ठरेल. १९२० च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी कामगार दहा तासांच्या मागणीसाठी संपावर गेला होता. गेटवर उपाशी बसलेली माणसे नसती, तर वॉशिंग्टनचा कागद फायलीत राहिला असता, आणि वॉशिंग्टनचा कागद नसता, तर संपानंतर मिळालेली सवलत मंदी येताच मालकांनी काढून घेतली असती. एकाने दुसऱ्याला धरून ठेवले, हे या काळातल्या मुंबईचे खरे वैशिष्ट्य.

दोन्ही किती घट्ट जोडलेले होते, ते आयटकच्या जन्मातून कळते. कामगार प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असे तहाचे कलम होते. भारतात तशी अखिल भारतीय संघटनाच नव्हती, म्हणून सरकार आपल्या पसंतीने नाव ठरवी. ती पळवाट बंद करायला ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच आयटक, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय; स्वागत मंडळाचे अध्यक्ष जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. बॅप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीचे, ईस्ट इंडियन समाजातले, आणि होमरूलच्या चळवळीतले टिळकांचे सोबती. १९२४ मध्ये ते स्वतः कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला गेले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. टिळकांना १९१९ मध्ये पॅरिसचे दार बंद झाले होते. त्यांच्याच माणसांनी पाच वर्षांत जिनिव्हाचे दुसरे दार उघडून घेतले.

जिनिव्हाचा करार सरकारने नाकारला तरी त्याचा उपयोग होऊ शके, याचे उदाहरण प्रसूतीच्या रजेचे. वॉशिंग्टनच्या परिषदेने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा सुचवली. भारत सरकारने तो करार मान्य केला नाही. पण विषय चर्चेत आला तो आलाच. मुंबई विधिमंडळात रा. स. आसवले यांनी विधेयक आणले आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने खर्चाचा भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. वायंडिंग खात्यात पोटुशी बाई शेवटच्या दिवसापर्यंत उभी राहत असे. तिला हातात पैसे घेऊन घरी बसता येऊ लागले.

जिनिव्हावर सगळ्यांचा विश्वास होता असे नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, निंबकर, जोगळेकर यांच्यासारख्या तिच्या नेत्यांना जिनिव्हा हा साम्राज्यवाद्यांचा देखावा वाटे. मार्च १९२९ मध्ये ते मीरत कटाच्या खटल्यात तुरुंगात गेले. त्याच वर्षी नागपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचे अधिवेशन भरले. तिथे जिनिव्हाशी संबंध तोडण्याचा आणि सरकारच्या कामगारविषयक व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला. स्वतः आयोगाचे सभासद असलेले जोशी आपल्या सोबत्यांसह बाहेर पडले. ही फूट भरून निघायला जवळजवळ दशक गेले. डाव्यांचा राग मला समजतो. राष्ट्रसंघाबद्दल त्यांचे निदान तर मांचुरियाने खरेच ठरवले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबाबत मात्र जोशींची चिकाटी अधिक फळाला आली. १९३४ मध्ये ते तिच्या नियामक मंडळाचे पूर्ण सदस्य झाले आणि मधला थोडा काळ सोडता १९४८ पर्यंत राहिले. तरीही शेतमजूर, संस्थानी मुलूख आणि लहान कारखाने यांच्यापर्यंत हे कायदे जवळजवळ पोचलेच नाहीत, आणि भारतीय कामगारांतला फार मोठा हिस्सा तिथेच राबत होता.

एकाच तहातून निघालेल्या दोन संस्थांचे फळ इतके वेगळे का? बडी राष्ट्रे स्वार्थी होती, हे दोन्हीकडे सारखेच खरे. राष्ट्रसंघात फक्त सरकारे बसत. अबिसिनियाच्या बाजूने मुंबईत मोर्चा निघाला तरी त्या मोर्च्याला जिनिव्हात बोलायला जागा नव्हती. भारताच्या नावाने बोलणारा माणूस लंडनने नेमलेला असे. कामगार संघटनेत गिरणगावाचा माणूस आपल्या सरकारच्या प्रतिनिधीशेजारी बसून त्याच्या विरुद्ध मत देऊ शकत होता. परत आल्यावर तोच माणूस विधिमंडळात मंत्र्याला विचारी की करार पटलावर का ठेवला नाही. आक्रमणाबद्दल असा वार्षिक हिशेब कुणालाच द्यावा लागत नव्हता. आणि तेल बंद करण्याचा तोटा ताबडतोब खिशाला जाणवणार होता, त्यामुळे ज्याच्या हातात तो निर्णय होता त्यानेच तो टाळला. टिळकांनी मागितले होते ते स्वतंत्र भारताचे आसन तिथे असते, तर एकट्याने युद्ध टळले असते असे मी म्हणणार नाही. पण ज्यांची पोरे केरेनला मरायची होती, त्यांचा आवाज तरी त्या सभागृहात उमटला असता.

१९४० मध्ये कामगार संघटनेने आपले कामकाज माँट्रियलला हलवले आणि युद्ध पार केले. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर. त्यांच्या काळात सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी परिषद दिल्लीत नियमित भरू लागली. तिचा साचा जिनिव्हाचाच होता. ४८ तासांच्या आठवड्याचा प्रस्ताव त्यांनी तिथून पुढे रेटला. १८ एप्रिल १९४६ रोजी जिनिव्हात राष्ट्रसंघाने स्वतःला विसर्जित केले आणि आपली मालमत्ता संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी भारतात कारखाने कायद्याची दुरुस्ती झाली आणि ऑगस्टपासून मुंबईच्या गिरण्यांत दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास लागू झाले. बाकीच्या जगासाठी वॉशिंग्टनला ठरलेला आकडा गिरणगावात पोचायला २७ वर्षे लागली. न. म. जोशी तेव्हा ६७ वर्षांचे होते आणि अजूनही परिषदांना जात होते.